क्रमांक सहा

उमाकांत दर रविवारी सकाळी दहाला पाच गाणी पाठवायचा. नंदुरबारच्या एका कॉलेजात तो इंग्रजी शिकवत होता, त्यामुळे कुणी ऐकत नसताना बोलत राहण्याचा सराव होता. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव ‘इंडी नंदुरबार’, सभासद अकरा. गाणी अशा परदेशी बँडांची, की ज्यांना त्यांच्या गल्लीतही कुणी ओळखत नसावं. प्रत्येक गाण्याखाली उमाकांतचा शेरा: ‘क्रमांक तीन. गायक चार मिनिटं रिकाम्या फ्रिजबद्दल बोलतो. मी उठून आमचा फ्रिज उघडून पाहिला. भरलेला होता, तरी वाईट वाटलं.’

लोक शेरे वाचत, गाण्यांना हात लावत नसत. बियाण्यांचं दुकान चालवणारा हेमराज तर उघडच म्हणायचा, “सर, तुम्हनं लिखेल भारी ऱ्हास. गाना तेवढा धाडू नका.”

ऐकणारा एकच. धनसिंग, हॉस्टेलातला खोलीसोबती, आता वर सातपुड्यात मास्तर. गावात नेटवर्क नव्हतं. बाजाराच्या दिवशी तो जीपने तळोद्याला उतरायचा, मीठ-तेल घ्यायच्या आधी स्टँडवर उभा राहून पाचही गाणी उतरवून घ्यायचा आणि आठवडाभर ऐकायचा. पुढच्या बाजारी त्याचं एखादं वाक्य यायचं: “तिसरं भारी शे. दुसरामा ड्रमवाला घाई करस.” उमाकांत पुन्हा ऐकायचा. ड्रमवाला खरंच घाई करत असायचा.

हॉस्टेलात गिटार आणली होती उमाकांतने. दोन कॉर्ड शिकून त्याने ती खाटेखाली सारली आणि धनसिंगने बाहेर काढली. शेवटच्या दिवशी उमाकांत म्हणाला होता, “ऱ्हाऊ दे तुन्हाकडे. मी शिकसू तवय लई जासू.” त्याला सत्तावीस वर्षं झाली.

यंदा होळीनंतर धनसिंगने स्वतःचं गाणं पाठवलं. त्याच्या पावरी बोलीतलं, शाळेच्या ओट्यावर मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं. सोबत एक ओळ: “हाई आम्हनं. बरं वाटनं तं यादीमा टाक, नहीं तं ऱ्हाऊ दे.”

उमाकांतने अर्धं मिनिट ऐकलं. नुसता ढोल, गिटार ऐकूच येईना. मग चहा आला, आणि चहा संपायच्या आत शेरा तयार होता: ‘क्रमांक सहा. आमच्या सातपुडा प्रतिनिधीकडून. होळीच्या ढोलात एक गिटार पडली आहे. शोध सुरू आहे.’

“हासी हासी पोट दुखी ऱ्हायनं,” हेमराजने लिहिलं. खाली नऊ हसरे चेहरे. चार वर्षांत ग्रुपवर एवढी गर्दी झाली नव्हती. उमाकांत दिवसभर खुशीत होता.

बाजाराच्या दिवशी शेऱ्याखालच्या दोन्ही खुणा निळ्या झाल्या, म्हणजे धनसिंगनेही वाचलं होतं. वाक्य आलं नाही. पुढच्या बाजारीही नाही.

तेव्हा कुठे त्याने गाणं शेवटपर्यंत ऐकलं. दीड मिनिट ढोल, आणि त्याच्या तळाशी, आधीपासूनच, गिटार. ती पडली नव्हती, वाट पाहत होती. मग ढोल मागे सरतो आणि तीन तारा पुढे येतात, कुठलीही घाई न करता. हेच गाणं एखाद्या बर्फाळ देशातून आलं असतं तर त्याने पहिल्या क्रमांकावर टाकून बारा ओळी लिहिल्या असत्या. त्या बारा ओळी त्याने आता लिहिल्या. कागदावर. आणि निरोप धाडला, “पुढला बाजारले मी तळोदाले येस. भेटसूत.”

उत्तर आलं, “हो, सर.”

बाजाराच्या दिवशी अकराच्या सुमारास तळोद्याच्या स्टँडवर जीप आली. धनसिंग मागून उतरला. हातात गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं.

“धन्या, जाड झाया तू.”

“वय झालं, सर. तुम्ही कसे आहात?”

अहिराणी त्याला उमाकांतनेच शिकवली होती, शिव्यांपासून सुरुवात करून. पुस्तकी मराठी तो तपासणीला साहेब आले की बोलायचा.

“ते मी लिखेल व्हतं ना... गंमत व्हती रे.”

“चांगलं लिहिलं होतं. मी जीपमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. आमचे ढोलवाले नथ्थूभाऊ सोबत होते. त्यांनी विचारलं, शोध कोण करतंय?”

“मंग तू काय सांगं?”

“म्हटलं, ज्यांची गिटार आहे ते.” त्याने गोधडी पुढे केली. “सापडली, सर.”

“धन्या, येडा व्हयना का? ऱ्हाऊ दे तुन्हाकडे.”

“तुम्ही शिकल्यावर नेणार होता. एवढ्या वर्षांत शिकला असाल.”

टोमणा असता तर बरं झालं असतं. तो हजेरी घेताना विचारतात तसं विचारत होता.

उमाकांतने खिशातला कागद काढून दिला. धनसिंगने तो उभ्याउभ्या, वही तपासावी तसा वाचला.

“ढोल थांबतो असं लिहिलंय. थांबत नाही, सर. हळू होतो. बाकी छान आहे.” घडी करून त्याने कागद परत दिला आणि तेलाच्या दुकानाकडे निघून गेला.

परतीच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, “वाजाडा ना सर, रस्ता लांब शे.” उमाकांत म्हणाला, तार तुटली आहे.

एकही तुटलेली नव्हती. घरी त्याने मोकळ्या तारांवरून अंगठा फिरवला, तर त्या गाण्याचाच सूर निघाला. धनसिंगने त्या भलत्याच सुरात लावल्या होत्या. उमाकांतने खुंट्यांना हात लावला नाही. रविवारी दहाला यादी गेली नाही. सव्वादहाला हेमराजने विचारलं, “सर, आज काही नहीं का?”

त्याच सकाळी गिटारची एक तार सैल होऊन सुरातून उतरली होती. आधी कुठल्या सुरात होती, त्याला आठवेना. त्याने गाणं लावलं, खुंटी पिळली, पुन्हा गाणं लावलं. जुळतंय की नाही ते कळेना. कळणारा माणूस एकच होता, आणि बाजाराला अजून चार दिवस होते.