लोकांना दाखवायचा चमचा

मुलांनो, जरा डोळे मिटा. तुमचा हात हलत नाही, शब्द फुटत नाही, पोटाला काहीच नको आहे. आणि मोठी माणसं नाक दाबून तुमच्या तोंडात चमचा खुपसताहेत. कसं वाटलं? आता बटणच्या आजीच्या खोलीत चला.

आजीनं जन्मभर लोकांचे कपडे शिवले. नातीला ती बटण म्हणायची. आता ती मरणाला टेकली होती आणि तिनं खाणंपिणं सोडलं होतं. डॉक्टरांनी बाबांना सकाळीच सांगितलं होतं, "शरीरच अन्न मागत नाहीये. जबरदस्ती केलीत तर घास श्वासनलिकेत जाईल. ओठ ओले करा, जवळ बसा."

बाबांनी मान डोलावली. पण दुपारी त्यांची थोरली बहीण आली.

"काय रे, आईला उपाशी मारतोयस?"

"अगं ताई, डॉक्टरच म्हणाले..."

"लोकांना तोंड द्यायला डॉक्टर येणारेत का?"

झालं. बाबा नाक दाबायचे, तोंड उघडलं की भेटायला आलेला माणूस दुधात कुस्करलेलं केळं आत लोटायचा, आणि बटणची आई फोटो काढायची.

"खाल्लं हो, खाल्लं," शेजारचे काका म्हणाले. "नशीबवान म्हातारी."

केळं गालात तसंच होतं. दूध मानेच्या सुरकुत्यांत उतरून आंबलं होतं, त्यावर माशी बसली होती. घशात घरघर व्हायची, तिला सगळे ढेकर म्हणत होते. याला माया म्हणायचं? मला तर शिसारी येते. आपल्याला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून मरणाऱ्याचा घसा बुजवायचा, आणि वर कौतुक करून घ्यायचं!

"बाबा, आजी दात आवळतेय. तिला नकोय," बटण म्हणाली.

आई हसली. "तूही औषधाला आवळतेसच की."

"पण मी त्यानं बरी होते."

आत्यानं केस सारखे केले, चमचा भरला. "काढ गं फोटो. धाकट्या भावाला पाठवायचाय."

बटण खाटेवर चढली. तिनं आधी बाबांची बोटं आजीच्या नाकावरून सोडवली, मग आजीच्या ओठांवर अलगद तळवा धरला. चमचा तिच्या बोटांवर आपटला. केळं तिच्या कोपरापर्यंत ओघळलं.

"हात काढ," आत्या म्हणाली.

बटणनं हात काढला नाही. दुसऱ्या हातानं तिनं ओला रुमाल घेतला आणि आजीची मान पुसू लागली.