दोरीवरची जर्सी

ओस्ताप ह्रेबेन्युक कोण, हे दिल्लीत कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. पण आमच्या द्वारकेच्या सोसायटीत वॉचमनलाही त्याचे गोल, त्याचा फुटका गुडघा आणि निवृत्तीचं साल पाठ. कारण सूर्यकांतच्या हॉलमध्ये त्याची अकरा नंबरची निळी जर्सी फ्रेममध्ये टांगलेली. चाळीस वर्षांपूर्वी कीव्हचा फुटबॉल संघ इथं खेळायला आला, तेव्हा सूर्यकांत क्रीडा खात्यात कारकून होता. खेळाडूंच्या हॉस्टेलवर ड्यूटी. "जाताना मिठी मारली आणि अंगातली काढून दिली!" ही मिठी दर दिवाळीला थोडी घट्ट होत गेली.

मग परवा सून रुचिता पेढे घेऊन आली. "बाबा, सरप्राइज! रविवारी गुडगावला आमच्या कंपनीच्या फुटबॉल मैदानाचं उद्घाटन. चीफ गेस्ट तुमचा यार!"

संध्याकाळी सूर्यकांत माझ्या दारात. पायात दोन वेगळ्या चपला.

"पद्माकर, ताप आहे का बघ."

"नाही."

"रविवारपर्यंत येईल का?"

मग दार लावून घेऊन बोलला, "दिली नव्हती रे त्यानं. वाळत होती दोरीवर. मी काढली."

"इतक्या वर्षांनी कोण ओळखतंय, यार!"

"कॉलरखाली लाल दोऱ्याचं रफू आहे. घरच्या हाताचं. सुनेच्या साहेबांसमोर त्यानं चोर म्हटलं तर? अलकाला काय तोंड दाखवू?"

खरं सांगतो, मलाही धडकी भरली. मिठीची गोष्ट पाहुण्यांना मीही रंगवून सांगत आलो होतो.

रविवारी ताप काही आला नाही. अलकावहिनींनी जर्सी फ्रेममधून काढून इस्त्री केली, नवऱ्याच्या हातात दिली आणि त्याला स्टेजवर ढकललं. ह्रेबेन्युक पांढराफटक, लंगडणारा. पोरं त्याला सोडून निवेदिकेबरोबर सेल्फी काढत होती. निळा रंग दिसला मात्र, म्हातारा उठलाच. त्यानं थेट कॉलर उलटली. बोट लाल दोऱ्यावर थांबलं.

"माझी आई," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला.

मग त्यानं सूर्यकांतकडे पाहिलं. पाहतच राहिला. सूर्यकांतच्या ओठांवरचा रंग उतरला. माझ्या शेजारी वहिनी कौतुकानं मान उंचावून बसलेल्या. म्हाताऱ्यानं माइक मागितला, तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

"लढाईत माझं घर जळलं. कप, फोटो, सगळ्या जर्सी. ही एक या माणसानं माझ्यासाठी सांभाळली."

टाळ्या. सूर्यकांतनं जर्सीची बाही सोडली. एकेक बोट करत सोडली. ह्रेबेन्युकनं त्याला मिठी मारली. खरीखुरी, पहिलीच. आणि कानात काहीतरी म्हणाला.

परतताना गाडी रुचिता चालवत होती, शेजारी वहिनी डोळे पुसत होत्या. मागे सूर्यकांत आधीपेक्षा पांढरा.

"सुटलास की! काय म्हणाला?" मी कुजबुजलो.

"उद्या घरी जेवायला येतोय. रुचितानं बोलावलंय."

"मग?"

"विचारत होता, शेजारी मोजेही वाळत होते ना? तेही आईनंच विणलेले."

"होते?"

सूर्यकांतनं वहिनींच्या पाठीकडे पाहून घेतलं. "तीन हिवाळे घातले. मग हिनं त्या मोज्यांनी स्कूटर पुसली."

पुढून रुचिता म्हणाली, "बाबा, उद्या अंकलना काय द्यायचं? तुम्हालाच माहीत असणार!"