चार घरांचा एकच अलार्म

मी एक जुना स्मोक अलार्म आहे, मित्रांनो, आणि संशय घेणे हाच माझा धंदा. पाव जरा करपला तरी मी घर डोक्यावर घेतो.

अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरातल्या एका दुकानातून मला ग्रॅबोव्स्की नावाच्या घरमालकाने आणले. त्याची घरे चार आणि अलार्म मात्र मी एकटाच! गरीब भाडेकरूंचे बरेचसे भाडे सरकार भरते, पण घर तपासणीत पास झाले तरच. म्हणून तपासणीच्या दिवशी तो मला छताला लावी आणि संध्याकाळी पुन्हा कोटाच्या खिशात टाकी. तपासनीस माझ्या आवाजाची तारीफ करत आणि मी फुगून जाई. मागे उरलेल्या उघड्या भोकाखाली कोण झोपते, हे मी कधी मनातही आणले नाही.

मग नवी भाडेकरू म्हणून व्हर्निटा आली. सरकारकडून भाड्याच्या मदतीचे पत्र मिळवायला तिला तीन वर्षे लागली होती. ते पत्र पाहून अकरा घरमालकांनी दार लावले होते. आता पत्राच्या मुदतीचे तीनच दिवस उरले होते. घर नापास झाले तर पत्र रद्द आणि दोन्ही मुलांसह पुन्हा बेघरांच्या निवाऱ्यात. दुधाने तोंड पोळलेली बाई ती! तिने नळ सोडून पाहिले, शेगडी हुंगली, मग माझ्याकडे टक लावली.

"घरभर बोटभर धूळ, आणि हा एकटाच कसा चकचकीत?"

"पुसलाय," ग्रॅबोव्स्की म्हणाला.

मलाही तिचा संशय आला. ही नक्की माझी बॅटरी काढून मुलांच्या खेळण्यात घालणार!

तपासनीस बाईंनी बटण दाबले, मी कोकललो, घर पास झाले. व्हर्निटाने जाता जाता बाईंचा नंबर घेतला आणि ग्रॅबोव्स्कीची घरे किती, तेही विचारून ठेवले. करारावर सह्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी ग्रॅबोव्स्की शिडी घेऊन हजर. मला जरा दुरुस्तीला नेतो म्हणाला.

व्हर्निटा दारातून हलली नाही. "न्या की. मी तोवर तपासनीस बाईंना फोन करते. तुमच्या बाकीच्या तीन घरांत काय वाजतं, ते विचारते."

त्याने शिडी मिटली. आठवड्याभरात त्याने तीन नवे अलार्म आणले, असे कानावर आले. मला मात्र त्याची अजून खात्री वाटत नाही.

मित्रांनो, छताला माझ्यासारखा अलार्म दिसतो म्हणून निश्चिंत राहू नका. महिन्यातून एकदा बटण दाबून पाहा. व्हर्निटा दर एक तारखेला खुर्चीवर चढून दाबते आणि मुले कानांवर हात ठेवतात. तिचा माझ्यावर काडीचा विश्वास नाही. म्हणून तर तिची मुले बिनघोर झोपतात.