डाव्या डोळ्यावरची रांजणवाडी

सुईच्या नेढ्यात दोरा जाईना. सुलभाने दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून पुन्हा धरलं, आणि डोळा बारीक करताना पापणीच्या काठाला काहीतरी खुपलं. चोळायला हात वर गेला आणि तसाच खाली आला. मशीन बंद करून ती आरशापुढे जाऊन उभी राहिली. बघायला तिच्याकडे तोच एक डोळा होता.

वरच्या पापणीवर, केसांच्या मुळाशी, ज्वारीच्या दाण्याएवढी लाल गाठ आली होती. रांजणवाडी.

उजवा डोळा ती सात वर्षांची असताना गेला होता. लग्न होऊन शाहपुरहून बुऱ्हाणपुरात आल्यापासून विचारेल त्याला ती एकच सांगत आली होती : लहानपणी शेतात खेळताना पऱ्हाटी, कापसाची वाळकी काडी, डोळ्याला लागली. पॉवरलूमवर जाणाऱ्या नवऱ्याला, गजाननलाही तिने तेच सांगितलं होतं आणि मुलीला, भूमिकालाही. उरलेल्या डोळ्यावर तिने गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवले, फॉल लावले, भूमिकाला कॉलेजात घातलं. या डोळ्याला काही होऊ शकतं, हा विचार तिने कधी मनात येऊ दिला नव्हता.

शेजारच्या मालूबाई ब्लाउज न्यायला आल्या. त्यांना ती गाठ लगेच दिसली.

"अवं, रांजणवाडी झाली तुले! लसणाची कळी ठेच अन् लाव. उद्यापर्यंत बसून जाते. नही तर थांब, मीच पाहते जरा..."

त्यांचा हात पुढे आला तशी सुलभा एवढ्या जोरात मागे सरकली की स्टूल पडलं.

"हात नका लावू!"

मालूबाई बघतच राहिल्या. "मी काही डोळा फोडत नव्हती बाई," असं म्हणून त्या ब्लाउज घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी पापणी सुजून निम्म्यावर आली. समोरच्या मेडिकलच्या पाटीवरची अक्षरं सुलभाने सकाळी वाचली, थोड्या वेळाने पुन्हा वाचली. दुपारी वाचायला गेली तर ती एकमेकांत मिसळली. डोळ्यात पाणी आलं म्हणून की नजर चालली म्हणून, ते तिला कळेना. दाराची चौकट धरून ती तिथेच खाली बसली. भूमिका कॉलेजातून आली तेव्हा ती तशीच बसलेली होती.

"मम्मी! क्या हुआ? अशी का बसली?"

"मला पाटी दिसत नाही, भूमिका."

भूमिकाने तिला हाताला धरून रिक्षात बसवलं. रस्ताभर सुलभाने डोळा मिटून घेतला होता. आपल्याला आंधळ्यासारखं चालता येईल का, हे ती मनात करून बघत होती. मशीनवरचा हात, गॅसचं बटण, मोरीची पायरी. भूमिकाचा चेहरा आठवायला गेली तर तो लहानपणीचाच आठवला.

डोळ्यांच्या डॉक्टर वयाने तरुण होत्या. त्यांनी बॅटरी धरून पापणी हलकेच वर केली. सुलभाने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"बुबुळ स्वच्छ आहे. नजर चांगली आहे. पाण्यामुळे आणि सुजेमुळे धूसर दिसतंय. ही साधी रांजणवाडी आहे, बाई, घरीच बरी होईल. पाणी उकळून कोमट होऊ द्यायचं, स्वच्छ सुती कापड पिळून डोळा मिटून दहा मिनिटं ठेवायचं. दिवसातून तीन-चारदा. आधी मनगटावर लावून बघा, चटका नको. हे मलम देते. काजळ नको, लसूण-चुना काही नको. डोळा पदराने पुसायचा नाही, टॉवेल वेगळा ठेवा. शिवताना दोऱ्याचे तंतू हाताला लागतात, त्याच हाताने डोळा चोळता ना? म्हणून होते ही. हात साबणाने धुवा. सूज गालावर उतरली, ताप आला, डोळा हलवताना दुखला किंवा दिसायला कमी झालं, तर तडक इकडे यायचं. आणि एक, काही झालं तरी दाबायची नाही."

"दाबली तर?"

"आतलं विष पसरू शकतं. असं फार कमी वेळा होतं, पण होतं." डॉक्टरांनी बॅटरी उजव्या डोळ्याकडे वळवली. "हा कशाने गेला?"

पऱ्हाटी हा शब्द सुलभाच्या तोंडाशी आला होता.

"अशीच आली होती. दाबली."

"कोणी?"

"घरीच."

भूमिका आईकडे बघत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "पर मम्मी, तू तो..."

"रिक्षा बघ," सुलभा म्हणाली.

पण भूमिकाने शाहपुरला आजीला फोन करून ठेवलाच होता. मम्मीच्या चांगल्या डोळ्यावर फोड आलाय, एवढंच तिने सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने सोजरबाई दारात हजर झाली. हातात पिशवी, चेहरा उतरलेला. ती आत आली नाही. उंबऱ्यापाशीच बसली आणि तिथूनच लेकीकडे बघत राहिली.

"दिसतं ना वं तुले?"

"दिसतं, आई."

"मी दिसते?"

"दिसतेस. आत ये."

भूमिकाने आजीला पाणी दिलं. नेहमीसारखी गळ्यात पडली नाही. सोजरबाईने नातीच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण खोटं उघडं पडलंय, हे तिला कळलं होतं.

भूमिकाचा पेपर होता, ती गेली. गजानन पाळीवर होता. घरात दोघीच उरल्या. सुलभाने पाणी उकळलं, कापड घेतलं, पलंगावर आडवी झाली. शेक तिचा तिला घेता आला असता, कालपासून घेतच होती. पण तिने डोळा उघडून बघितलं तर आई भिंतीला टेकून बसली होती आणि तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

सुलभाला माहेरचा ओटा आठवला, दुपार आठवली, आईच्या अंगठ्यांची नखं, "जरासं सोस, आता निघते सगळी घाण" म्हणणारा आवाज. मग ताप, सुजलेलं तोंड, मोठ्या दवाखान्याचा वास. सासू मारेल म्हणून आईने कानात सांगितलं होतं, पऱ्हाटी लागली म्हण. तेव्हापासून दोघी एकमेकींशीसुद्धा पऱ्हाटीच म्हणत आल्या होत्या.

"आई," ती म्हणाली, "तू ठेव कापड."

"मी नही वं माय. माह्या हातानं नको."

"हात साबणाने धू. कापड पिळून मनगटाला लावून बघ, अन् ठेव. दाबू नकोस, नुसतं ठेव."

मग मोरीत पाण्याचा आवाज आला. सुलभाने डोळा मिटला. आता काहीच दिसत नव्हतं आणि आई जवळ येत होती. तिने चादर मुठीत धरली. कापड पापणीवर टेकलं ते इतकं हलकं की तिला आधी फक्त ऊब कळली.

त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस शेक सोजरबाईनेच दिला. सूज गालावर उतरली नाही, तापही आला नाही. तरी प्रत्येक वेळी कापड टेकताना सुलभाच्या मुठी वळायच्या.

चौथ्या दिवशी सकाळी कापड उचललं तर त्यावर पिवळसर डाग होता. पापणीवरची गाठ बसली होती. सोजरबाईच्या हातातून वाटी सुटली, पाणी फरशीवर पसरलं.

"फुटली! सुले, फुटली वं! मी नही दाबली. देवाशपथ, म्या बोट नही लावलं, नुसतं कापड ठेवलं, तू सांगितलं तसंच..."

"आई, आपोआप फुटली. अशीच फुटायला पाहिजे."

"म्या नही दाबली यावेळी."

"माहीत आहे मला."

सुलभाने ताज्या कापडाने डोळा पुसला आणि उघडला. खिडकीतून समोरची पाटी एकेका अक्षरासकट दिसत होती. तिने ती वाचली नाही. आई मोरीशी जाऊन उकिडवी बसली होती. पाठ केवढीशी झाली होती. ती हातांना साबण लावत होती, धूत होती, पुन्हा साबण लावत होती. सुलभाने तिला थांबवलं नाही. ती उठली, फरशीवरचं पाणी टिपून घेतलं, आणि आईच्या चहाचं आधण ठेवलं.