सरावात नापास झालेली खुर्ची

मी व्हीलचेअर बोलतेय. जिच्यासाठी माणसं एकमेकांचे पाय ओढतात, ती खुर्ची मी नव्हे. मला पाहिलं की जो तो म्हणतो, "मला कशाला? त्यांना द्या!"

कारखान्यात माझी ताकद बघायला तीन पैलवान एकदम बसवले होते. चौथा लाजून उभा राहिला, नाहीतर तोही मावला असता. खोटं वाटत असेल तर माझ्या डाव्या चाकाला विचारा, ते अजून कुरकुरतंय.

तिथून मी आले वृद्धाश्रमात. तिथे दर महिन्याला सराव व्हायचा. आग लागली असं समजायचं आणि आजाऱ्याला अंगणात न्यायचं. आजारी कोण? तर सेवा करणाऱ्या मावश्यांमधली सगळ्यात काटकुळी! ती व्हरांड्यातच टुणकन बसायची, पाय वर घ्यायची, खिदळायची. दोन मिनिटांत अंगण. आश्रम सांभाळणाऱ्या मोठ्या ताई वहीत 'उत्तम' लिहून मोकळ्या.

एकदा खाटेवरून बाई कडाडल्या. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. वय चौऱ्याऐंशी, वजनही साधारण तेवढंच.

"अगं, परीक्षा तुमची आणि पेपरही तुम्हीच काढता होय? मला बसवा!"

"बाई, पडलात बिडलात तर?" मोठ्या ताई चाचरल्या.

"मग खरी आग लागल्यावर काय फुंकर मारून नेणार आहात मला?"

बसवायला चौघी लागल्या. ब्रेक लावायचं कुणालाच सुचलं नाही, मी सर्रकन मागे! मग बाई दात शोधू लागल्या. "बोळक्या तोंडाने मी चारचौघांत येणार नाही." दात सापडले, तर दारात चादरींचं कपाट आडवं. त्यात बाईंची पावलं फरशीवर घासतायत. अंगण आलं तेव्हा अकरा मिनिटं झाली होती.

काटकुळीला रडूच फुटलं. "खरंच आग असती तर?"

"तर तुझं रडं बघायला मी नसते," बाई म्हणाल्या. "डोळे पूस. कपाट हलव."

कपाट हललं. माझ्या पायदानाला पट्टे लागले, दातांची डबी माझ्याच दांड्याला लटकली. आणि दर महिन्याला आजारी म्हणून खरं म्हातारं माणूस बसू लागलं. जड, हट्टी, भांडकुदळ.

परवा भरदुपारी स्वयंपाकघरातला पंखा पेटला. बाईंच्या खोलीपर्यंत धूर! काटकुळीने आधी ब्रेक लावला, दोघींनी बाईंना बसवलं, पट्टे आवळले. आणि मी अशी सुटले, की वारा धापा टाकत मागून आला. अडीच मिनिटांत बाई अंगणात. पाठोपाठ बाकीचेही सगळे सुखरूप. पंखा तेवढा गेला.

बाईंनी ऐटीत दात बसवले आणि काटकुळीचा हात घट्ट धरून ठेवला. बराच वेळ सोडलाच नाही.

आता माझं रेक्झिन उसवलंय, पण मिजास कायम आहे. तुमच्या घरीही माझी एखादी बहीण कोपऱ्यात असेल, अंगावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग घेऊन. तो ढीग उचला. आजी-आजोबांना बसवा आणि दाराबाहेर एकदा जाऊन या. अडखळाल, हसाल, भांडालसुद्धा. भांडा की! धुरात भांडायला सवड नसते.