सात मिनिटांचा शॉट

त्या शनिवारी दुपारी आमच्या बेस्ट गावच्या स्टेशनवर सानिकाची वाट बघत उभा होतो, तेव्हा माझ्याइतका खूश माणूस अख्ख्या नेदरलँड्समध्ये नसेल. पुढच्या अर्ध्या तासात काय वाढून ठेवलंय याची काडीमात्र कल्पना नव्हती. भीतीवर मी बरंच लिहिलंय, म्हणजे सिनेमातल्या भीतीवर. स्वतः घाबरलो तेव्हा त्यातलं एक वाक्यही उपयोगी पडलं नाही.

मी प्रतीक, मूळचा पुण्याचा. आइंडहोवनच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो, पण इथल्या मराठी मंडळींत मला ‘यादीवाला’ म्हणतात. मरण्याआधी बघायलाच हवेत असे वीस मराठी सिनेमे, अशी माझी एक यादी आहे आणि ती मी दर सहा महिन्यांनी सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर टाकतो. त्यातला एकही थिएटरात आठवडाभर टिकलेला नाही. माझी बायको अमृता म्हणते, ज्याचं नाव कोणी ऐकलं नाही तो तुझ्यासाठी थोर, आणि ज्याचा सिनेमा दुसऱ्या आठवड्यात गेला तो विकला गेलेला. खोटं नाही ते.

यादीत पहिला नंबर कायम हेमचंद्रचा. हा दिग्दर्शक आडनाव लावत नाही. पंधरा वर्षांत त्याने फक्त तीन सिनेमे केले आणि त्यातला पहिला, ‘बाहेरून कडी’, मी तीसेक वेळा बघितला असेल. त्यात नऊ वर्षांची एक मुलगी धान्याच्या खोलीत अडकते. सात मिनिटं कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलत नाही. संगीत नाही, कट नाही. ज्याला त्याला मी सांगायचो, अरे, हा अभिनय नाहीच, ही खरी भीती आहे. ते काम करणारी सानिका पुन्हा कधी पडद्यावर दिसली नाही. त्यावरही मी लिहिलं होतं, की एकाच भूमिकेत सगळं सांगून गप्प बसणारे कलावंत विरळा. कसला शहाणा होतो मी.

तर हा हेमचंद्र या वसंतात इथे आला. परदेशातल्या मराठी कुटुंबावर त्याला छोटा सिनेमा करायचा होता. आईबापांचं मराठी कळणारी पण उत्तरं इंग्रजीत देणारी आठ-नऊ वर्षांची मुलगी हवी होती. माझी ईशानी नऊ वर्षांची आहे. मी तर हवेतच गेलो.

अमृताला ते पहिल्यापासून पटलं नव्हतं. हेमचंद्रची एक अट होती, शूटिंगच्या वेळी आईवडिलांनी आसपास थांबायचं नाही, मूल त्यांच्याकडे बघत राहतं. अमृता म्हणाली, मग नको. तीन दिवस आमचं वाजलं. शेवटी मी जिंकलो, आणि असलं जिंकणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. शूटिंगच्या दिवशी घरी बसून तिचा जीव खालीवर झाला असता, म्हणून ती झूटरमेरला मैत्रिणीकडे गेली.

त्याआधी हेमचंद्र आमच्याकडे जेवायला आला होता. मितभाषी, हळू आवाजाचा माणूस. दुसऱ्यांदा आमटी वाढून घेताना त्याने सहज विचारलं, की ईशानीला कशाची भीती वाटते. मी कौतुकाने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी मी आणि अमृता दोघंही एकमेकांच्या भरवशावर राहिलो आणि शाळेनंतरच्या पाळणाघरातून तिला आणायला कोणी गेलंच नाही. सगळी मुलं गेली, बाईंनी कोट चढवला, तरी ही दारात उभी. तेव्हापासून ‘बाबा, तू विसरणार नाहीस ना’ हे रोजचं. हेमचंद्रने मान हलवली आणि लोणचं मागितलं.

सीन आमच्याच इमारतीत व्हायचा होता. इथे प्रत्येक फ्लॅटमागे तळघरात एक खोली असते, बेर्खिंग म्हणतात, सायकली नि अडगळ ठेवायला. आमची आम्ही रिकामी करून दिली. त्याला दाराला बाहेरून कडी हवी होती. ती मी माझ्या हाताने, माझ्या ड्रिलने बसवली. आपल्या मुलीला हेमचंद्र तोच प्रसिद्ध सीन नव्याने देतोय, या आनंदात मी चार स्क्रू जास्तच घट्ट पिळले.

आणि तेवढ्याने भागेना, म्हणून मी सानिकाला शोधून काढलं. ती आता चोवीस वर्षांची, एनस्खेडेच्या विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकत होती. आमच्या छोट्या सिनेमा-मंडळात गप्पा मारायला ये, एवढंच मी तिला कळवलं होतं. हेमचंद्र इथे आहे हे तिला सांगितलं नाही, ती येतेय हे त्याला सांगितलं नाही. दोघांना एकदम समोरासमोर उभं करायचं आणि मजा बघायची, असा माझा बेत.

गाडी वेळेवर आली. बारीक, चष्मा लावलेली मुलगी, पाठीला सॅक. इथले फलाट जमिनीखाली आहेत; लिफ्टकडे वळलो तर ती म्हणाली, जिन्याने जाऊ. वर रस्त्यावर आल्यावर मी एका हाताने सायकल धरून सुरूच झालो. सात मिनिटांचा शॉट, तिचे डोळे, तिने दाराकडे बघणं. ती कंटाळल्यासारखी ऐकत होती. मग माझ्याच्याने राहवेना. मी सांगून टाकलं, की हेमचंद्र सर आत्ता, या क्षणी, त्या लांब दिसणाऱ्या विटकरी इमारतीच्या तळघरात शूटिंग करताहेत, आणि तसाच सीन आहे.

ती थांबली. मागून येणाऱ्या सायकलवालीने घंटी वाजवली तरी बाजूला होईना.

“आत कोण आहे?” तिने विचारलं.

मी म्हणालो, माझी मुलगी.

“आणि तुम्ही इथे काय करताय?”

मग तिथेच, फुटपाथवर, ती बोलली. फार बोलली नाही. खेळ आहे म्हणून तिला खोलीत बसवलं होतं. आई दाराबाहेर आहे असं सांगितलं होतं. तासाभराने हेमचंद्र दारातून म्हणाला, तुझी आई एसटीने गेली, तुला आमच्याकडेच ठेवून घ्या म्हणाली. मग दिवा घालवला. लोकांना दिसतात ती सात मिनिटं तिसऱ्या तासातली. अजून तिला लिफ्टमध्ये पाऊल टाकता येत नाही, बाथरूमची कडी लावता येत नाही. मी मूर्खासारखं विचारलं, घरी सांगितलं नाहीस? ती म्हणाली, सांगितलं ना, पण तोवर पारितोषिक जाहीर झालं होतं.

पुढचं तिला ठाऊक नव्हतं, मला होतं. ईशानीला दारातून काय सांगायचं ते हेमचंद्रला शोधावं लागणार नव्हतं. ते मीच त्याच्या ताटात वाढलं होतं.

“तुम्ही व्हा पुढे,” सानिका म्हणाली. “सायकल आहे ना? जा.”

मी निघालो. एका हाताने हेमचंद्रला फोन लावत होतो, तो बंद. त्याच्याबरोबरच्या मदतनीसाचाही बंद, शूटिंगचा नियम. सिग्नल लाल होता, तो मी तोडला. मनात एकच आकडेमोड चालू होती, मी ईशानीला एक वाजता खाली सोडलं, आत्ता पावणेतीन. सोडताना तिने विचारलं होतं, तू विसरणार नाहीस ना, आणि मी तिच्याकडे न बघता, लाइट स्टँडकडे बघत, नाही म्हणालो होतो. पाय पेडलवरून सटकत होते. देवाचं नाव घ्यायची मला सवय नाही. त्या तीन मिनिटांत सगळे देव आठवले.

सायकल तशीच टाकून तळघराचा जिना उतरलो. लांब बोळ, दोन्ही बाजूंना सारखीच करडी दारं. टोकाला आमच्या दाराशी हेमचंद्र खाली बसला होता, पुढ्यात छोटा मॉनिटर. कॅमेरा आत एका फळीवर लावलेला होता. मदतनीस भिंतीला टेकून स्वतःच्या बुटांकडे बघत होता. हेमचंद्र दाराला तोंड लावून त्याच्या त्या हळू, प्रेमळ आवाजात म्हणत होता, “ईशानी, बाबांना फोन लागला बरं का. विसरलेच म्हणाले.”

मी धावत दारापर्यंत गेलो. हात कडीकडे गेलाही होता. हेमचंद्रने न वळता तळवा वर केला, थांब. आणि माझी नजर मॉनिटरवर पडली.

तिचा चेहरा होता. वरून कुठून तरी आलेल्या उजेडात, अर्धा. गाल ओले होते पण रडणं थांबलं होतं. ती दाराच्या खालच्या फटीकडे बघत होती, आणि चेहऱ्यावर काहीतरी उजळलं होतं. मग ते हळूहळू जायला लागलं. एकदम नाही, थोडं थोडं. त्याच्या जागी जे येत होतं त्याला माझ्याकडे शब्द नव्हता. तीस वेळा बघितलेल्या त्या सात मिनिटांतही ते नव्हतं. इतकं खरं मी पडद्यावर कधी पाहिलं नव्हतं, आणि मी ते बघत उभा राहिलो. मला लाज वाटते, पण सांगायला बसलोय तर सांगतो, मी बघत उभा राहिलो.

मला विचाराल तर क्षणभरच. पण मी सायकलवरून आलो होतो आणि सानिका पायी, अनोळखी इमारतीत जिना शोधत, आणि तरी माझ्या खांद्यावरून पुढे जाऊन कडी काढणारा हात तिचा होता.

दार उघडलं. हेमचंद्र चिडून काहीतरी बोलायला उठला, सानिकाला ओळखून दोन पावलं मागे सरला. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती उंबऱ्याबाहेर गुडघ्यांवर बसली, आत मात्र गेली नाही, आणि हात पुढे केले. ईशानी माझ्या शेजारून गेली आणि आयुष्यात कधी न पाहिलेल्या त्या मुलीला घट्ट धरून उभी राहिली. मी मेमरी कार्ड काढून घेतलं, हेमचंद्रला काय वाटेल ते बोललो, आवाज अख्ख्या बोळात घुमला. त्याचा काही उपयोग नव्हता.

अमृता दीड तासात आली. सानिका ती येईपर्यंत थांबली आणि मग स्टेशनवर चालत गेली, मला सोडायला येऊ दिलं नाही. ईशानी तोवर एक शब्द बोलली नव्हती. आईच्या मांडीवर बसल्यावर ती बोलायला लागली, इंग्रजीत, आईशीच. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो.

ती सांगत होती, की हेमकाकांनी सांगितलं बाबा विसरला, पण तिने ते खरं मानलं नाही. खूप रडू येत होतं तरी नाही मानलं. मग दाराखाली उजेडाच्या पट्टीत तिला दोन बूट दिसले. ते बाबाचे होते, तिला लगेच कळलं. म्हणून तिने रडणं थांबवलं, कारण आता दार उघडणार होतं.

अमृताने तिचे केस मागे सारले आणि विचारलं, मग?

ईशानी म्हणाली, मग बूट तिथेच उभे राहिले. मग मला भीती वाटली.