ताराचंदचा ऑर्गन

"आवाज वाढव ना बे भुपेंद्र! ताराचंदचा ऑर्गन आता येतेच," शालीकराम ओरडला. नाटकांत ताराचंदच्या बाजूला बसून तबला वाजवण्यात त्याचा जन्म गेला होता.

दवनीवाड्यात ताराचंदच्या अंगणात भर दुपारी सारा मोहल्ला लोटला होता. पुण्याला शिकायला गेलेल्या त्याच्या लेकीने, रचनाने आपल्या गाण्यांचा अल्बम काढला होता, आणि त्यात आपणही वाजवलंय हे ताराचंदने गावभर सांगून ठेवलं होतं. झाडीपट्टीच्या नाटकांत उभी हयात त्याने ऑर्गन वाजवला, पण नाव व्हायचं ते नटांचं. आपली बोटं एकदा तरी रेकॉर्डवर ऐकू यावीत, एवढीच त्याची हौस होती. आज तर त्याच्या आनंदाला पारावार नव्हता.

साउंडवाला भुपेंद्र मोबाइलवरून लोकांचे अभिप्राय मोठ्याने वाचू लागला. "'आधी वाटलं, फोन बिघडला. मग चार वेळा ऐकलं.' आन हा मुंबईचा समीक्षक पाहा: 'शेवटच्या गाण्यात एक म्हातारं घर श्वास घेतं. असं काही याआधी ऐकलं नव्हतं.'"

"घर कायले श्वास घेईन?" शालीकराम म्हणाला.

गाण्यांची तऱ्हाच न्यारी. कुठे धानाच्या गिरणीचा खडखडाट, कुठे गोंदिया स्टेशनचा गलका, त्यावर रचनाचा गोड आवाज. पोरं खुशीत टाळ्या पिटत होती, म्हातारे एकमेकांची तोंडं बघत होते. एकामागून एक गाणी संपली, तरी ऑर्गनचा सूर काही येईना.

"कापला का गा तुजा ऑर्गन?" शालीकरामने विचारलं. ताराचंदला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटचं गाणं लागलं. रचना हळूच गायला लागली आणि तिच्यामागे कर्र... फुस्स, कर्र... फुस्स. सूर नाहीच, ताल म्हणावा तर तोही अडखळता.

दाराशी उभी असलेली त्याची बायको अंजना एकदम पुढे आली. "अवो, हा तं तुमचा पाय होय!"

ताराचंदने कान टवकारले. होय, हा त्याच्याच ऑर्गनचा, पायाने पेडल मारून चालवायचा गळका भाता! दिवाळीत घरी रेकॉर्डिंग करताना रचनाने माइक पेडलपाशी ठेवला, तेव्हा तो तिच्यावर करवादला होता. दुपारभर वाजवलेलं सगळं पोरीने काढून टाकलं होतं आणि नेमकं हेच ठेवलं होतं. त्याला वाईट वाटलं, फारच वाईट वाटलं. पण मुंबईचा समीक्षक ज्यावर भाळला, तो आपला पाय आहे हे लक्षात आलं आणि त्याला हसू आवरेना.

"कायच्यावरून?" शालीकराम म्हणाला. "माज्या सायकलचा बी असाच आवाज येते."

ताराचंद ताडकन उठला. दोघांना हाताशी घेऊन त्याने ऑर्गन अंगणात आणला, स्टुलावर बसला आणि भुपेंद्रला म्हणाला, "लाव परत!"

स्पीकरमधून कर्र... फुस्स. ताराचंदच्या पायाखालून कर्र... फुस्स. दोन्ही आवाज असे मिसळले की कुठला कोणता ते कळेना.

"वन्स मोर!" शालीकराम बेंबीच्या देठापासून ओरडला आणि सगळ्या अंगणाने त्याची री ओढली. भुपेंद्रने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

या वेळी ताराचंदची बोटं सवयीने पट्ट्यांवर गेली. त्याने ती उचलून मांडीवर ठेवली, आणि रचना गात होती तोवर नुसता पेडल मारत राहिला.